लेकीच्या दारातून परत आलेली दुरडी

“सोड आई. दुरडी सोड म्हणतो ना!”

“तूच सोड. एक तर भरलेली माघारी आणली, वर ओढतो कशाला?”

“त्या घरी आजपासून भाजी जाणार नाय. मी सांगितलं म्हणजे सांगितलं. विषय संपला.”

“तुझा संपला असंल. माझा आत्ता सुरू झालाय.”

हे सगळं चाललंय ते माझ्यावरून. माझा एक काठ ज्ञानेशच्या मुठीत आहे, दुसरा त्याच्या आईच्या, नवसाबाईच्या मुठीत, आणि मधे मी. पोटात गवार, काकड्या, चार कैऱ्या आणि तळाला लपवलेली चिवळ. मी दुरडी बोलतेय. बांबूची, घोटीच्या बाजारातली, आता म्हातारी. ह्या ओढाताणीत माझ्या कामट्या कुरकुरतायत, पण मी तुटणार नाही. ही मायलेकरं दमायला अजून वेळ आहे, तोवर माझं ऐकून घ्या. आणि मी कोणाच्या बाजूनं बोलते असं विचारू नका. मला बाजू आहे, आणि ती मी लपवणारही नाही.

माझा बांबू पेठकडच्या डोंगरातला. तो चिरला भागीबाईनं. बुरूडकाम करणारी ही बाई घोटीच्या बाजारात बसायची आणि तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हातातला कोयता बाजूला ठेवून म्हणायची, “घे की फुकट. पण मंग तुझ्या हातानं विणून घे.” तिनं मला एका बैठकीत विणलं. काठ वळताना अंगठ्यातून रक्त आलं, ते चोखून टाकलं आणि काठ पुरा केला. माझ्या अंगात जो ताठा आहे तो तिथला. मला कोणी गरीब स्वभावाची समजू नये.

एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असेल. पुंजाराम नावाचा माळकरी शेतकरी तांदूळ न्यायला घोटीला आला होता. त्यानं मला उजेडासमोर धरलं, एक डोळा मिटून माझ्या फटींतून पाहिलं आणि घासाघीस न करता घेतलं. भागीबाई त्याच्यावर खूश झाली. मीही झाले.

नाशकात गंगापूर रोडनं जायचं आणि गंगा ओलांडायची, म्हणजे गोदावरी. पण आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. पलीकडं भाजीचे मळे लागतात. त्यातला एक पुंजारामचा. घरात त्याची बायको नवसाबाई, मोठी मुलगी सुवर्णा आणि तिच्या पाठचा ज्ञानेश. नवसाबाईनं माझ्या काठाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, पोटात मेथीच्या जुड्या रचल्या आणि मला डोक्यावर घेऊन गंगेवरच्या भाजीबाजारात निघाली.

मला शाळेत कोणी घातलं नाही. जे शिकले ते नवसाबाईच्या डोक्यावर बसून. माणूस उंचावरून फार स्वच्छ दिसतो. जी बाई भाजीचं कौतुक करते ती घेत नाही, हे मी पहिल्या महिन्यातच शिकले. जी नाक मुरडते ती दोन जुड्या नेते. भेंडीचं टोक मोडून बघायचा हक्क आपल्याला देवानं दिलाय असं सगळ्यांनाच वाटतं. एकानं मोडून मोडून भेंडीचा ढीग केला आणि म्हणाला, “कवळी आहे हो, पण आज नको.” नवसाबाईनं ती मोडकी भेंडी त्याच्या पिशवीत ओतली. “न्या. मोडलीत तुम्ही, सांधणार कोण?” तो गपगुमान पैसे देऊन गेला.

सुवर्णा आईच्या मागं मागं फ्रॉकचा ओचा धरून चालायची. ओच्यात शेंगा, तोंडात शेंगा. एका दिवाळीला तिनं माझ्या काठात पेटती उदबत्ती खोचली आणि विसरून गेली. तो काळा डाग अजून आहे. नवसाबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिच्यापेक्षा जास्त वेळ स्वतःच मुसमुसत बसली. अशी ती बाई.

पोरीला एक वेड होतं, चिवळीचं. चिवळ म्हणजे कांद्याच्या वाफ्यात उन्हाळ्यात आपोआप उगवणारी बारीक पानांची भाजी. निवडायला जीव खाते, म्हणून कोणी तिच्या वाटेला जात नाही. सुवर्णा तासन्‌तास मांडी घालून निवडत बसायची. शिजल्यावर ओंजळभर उरायची ती भाकरीवर घेऊन एकटीच खायची. ज्ञानेशनं हात पुढं केला की म्हणायची, “निवडलीस का? मग खा.” तो रडवेला झाला की त्याला पहिला घास तीच द्यायची.

सत्त्याण्णव साली तिचं लग्न झालं. नवरा शेखर, सातपूरच्या कारखान्यात नोकरीला. घर गंगापूर रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. पाठवणीला नवसाबाईनं तिला हिरवी साडी घेतली, जांभळ्या काठाची. दुकानदारानं दहा काठ दाखवले असतील. हिनं अकरावा मागितला.

तेव्हापासून माझं काम वाढलं. मळ्यात जे पहिलं येईल ते विकायच्या आधी सोयऱ्यांकडं पाठवायचं, त्याला वानोळा म्हणतात. पहिली मेथी, पहिला वाल, पहिली वांगी माझ्यात भरून नवसाबाई मला मांडीवर घेऊन सिटी बसनं लेकीकडं न्यायची. कंडक्टर म्हणायचा, “आजी, टोपलीचं तिकीट?” ती म्हणायची, “तिला सीट दे, मग तिकीट माग.” दार उघडलं की सुवर्णा आधी माझ्यात डोकवायची. “म्हातारी दारात उभी हाय, तिला ये तरी म्हण,” असं नवसाबाई रागवायची, आणि मनातून फुलायची. मला कळायचं. मी तिच्या कमरेला टेकलेली असायचे ना.

परत निघताना माझ्यात काहीतरी असायचंच. साखरेची पुडी, मूठभर शेवया, दोन लिंबं. भरून आलेलं भांडं रिकामं परत धाडायचं नसतं, हे आईनं शिकवलेलं लेक विसरली नव्हती.

दोन हजार साली पुंजाराम गेला. वर्षश्राद्धाला सुवर्णा आली, मुक्कामाला राहिली. दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी मी ओट्यावर भरून तयार होते. एवढ्यात ज्ञानेश म्हणाला, “ताई, जाता जाता तहसीलमधे एक काम करू. मग तुला बसमधे बसवून देतो.”

“कसलं काम?”

“काय नाय, एक सही.”

सही म्हणजे हक्कसोड. बापाच्या जमिनीवरचा हक्क बहिणीनं भावाला सोडून द्यायचा. आमच्याकडं घरोघर बहिणी देतात. साडीचोळी घेतात, डोळे पुसतात आणि माहेर शाबूत ठेवतात. नवसाबाईनंही आपल्या भावांना अशीच दिलेली.

सुवर्णा म्हणाली, “घरात बसून विचारलं असतंस, तर मी काय नाही म्हणाले असते का रे ज्ञाना? वाटेत शेंगदाणे घेऊ म्हणावं तसं म्हणतोयस.”

“त्यात विचारायचं काय? सगळ्या करतात.”

“मग सगळ्यांना ने. मी येत नाही.”

असं म्हणून ती आईकडं बघत उभी राहिली. नवसाबाई म्हणाली, “कर ना बाई सही. कशाला वाढवती?”

सुवर्णानं चपला घातल्या आणि ती चालू लागली. “दुरडी राहिली गं!” अशी नवसाबाईनं हाक मारली. ती वळली नाही. आणि मला उचलून तिच्यामागं धावायला नवसाबाई उठली नाही. हट्टाला दोघी सारख्या. मधे मी ओट्यावर, काठोकाठ भरलेली.

ती भाजी माझ्यातच सुकली. उपसायला कोणाचा हात होईना. मेथी पिवळी पडली, वांग्यांना सुरकुत्या आल्या, वास सुटला. शेवटी ज्ञानेशची बायको वेदिका, तेव्हा नवीनच सून होती, तिनं सगळं म्हशीपुढं टाकलं आणि मला गोठ्यात खुंटीला अडकवलं. “सही करीपर्यंत तिचा नि ह्या घराचा संबंध नाय,” असं ज्ञानेश जेवताना म्हणाला. त्यावर नवसाबाईनं ताट पुढं सरकवलं, एवढं मी गोठ्यातून ऐकलं.

खुंटीवर काही वर्षं गेली. खाली प्लॅस्टिकचे कॅरेट आले. निळे, पिवळे, एकावर एक बसणारे, पडले तरी न मोडणारे, आणि भाजीला घाम फोडणारे. मला त्यांचा राग नाही. राग यायला समोरच्याला तोंड लागतं. एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. म्हटलं, घाल बाई. कोणाला तरी माझी गरज आहे.

मग दोन हजार चारच्या दिवाळीनंतर वेदिकानं डोकं चालवलं. ती शिकलेली, हिशेबी, पण बोलायला मऊ. ज्ञानेशला म्हणाली, “अहो, लोक पेपर लावतात, दूध लावतात, डबा लावतात. मग भाजी का नाय लावायची? हंगामाचे पैसे त्यांनी आधी द्यायचे. आपण दर आठवड्याला, मळ्यात जे आलं असंल त्याची दुरडी घरपोच करायची. जास्त आलं तर जास्त, गारपीट झाली तर कमी. नफातोटा दोघांचा.”

“वेडे, आधी पैसे कोण देणार?”

पण दिले लोकांनी. गंगापूर रोडची माणसं गाड्या घेऊन मळा बघायला आली, वांग्याच्या झाडाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले, आणि दुरडी लावून गेली. ‘आम्ही दुरडी लावलीय’ असं एकमेकींना सांगायला त्या बायकांना फार आवडायचं. घोटीहून नव्या दुरड्या आल्या. पोचवायला पिंपळगाव बसवंतचा भारत टेम्पोवाला ठरला, सदा हसरा. दारात भाजी उतरवून घ्यायची आणि दुरडी लगेच परत द्यायची, असा नेम.

आता नवसाबाईची गंमत ऐका. ही विक्री आहे हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. भाजी न तोलता, दुरडीत भरून कोणाच्या घरी जाते, म्हणजे तो वानोळाच! पहिल्या दिवशी टेम्पो परत आला. तिनं एकेक दुरडी उलटी करून पाहिली. सगळ्या रिकाम्या. काही तर धुऊन पुसून रिकाम्या.

“चिमूटभर साखर पण नाय? एवढाल्या बंगल्यांत?”

“आई, ती गिऱ्हाइकं हायत. सोयरे नायत,” ज्ञानेश म्हणाला.

“गिऱ्हाईक असलं म्हणून काय झालं? वळण नको?”

भारत म्हणाला, “मावशी, एक बाई तर विचारत होती, दुरडी ठेवून घेऊ का? शोभेला.”

“तिला म्हणावं, मलाच ने. कोपऱ्यात बसते.”

उन्हाळ्यात तिनं सगळ्यांना चिवळ पाठवली. संध्याकाळी फोन, ‘तुमच्या भाजीत गवत आलंय.’ नवसाबाईनं वेदिकाच्या हातून फोन घेतला. “आधी ते गवत खा, आन मंग बोल,” म्हणाली आणि ठेवून दिला. त्या दिवशी ज्ञानेशनं चिवळ बंद केली.

पण मी गोष्टीत पुढं गेले. त्या पहिल्या टेम्पोनंतर थोड्याच आठवड्यांनी मला खुंटीवरून वेदिकानं काढलं होतं. कोंबडीची पिसं झाडली, धुतलं, उन्हात वाळवलं आणि भारतला बजावलं, “ही जुनी दुरडी कायम ह्या एकाच घरी द्यायची. चुकवायची नाय.” नव्याकोऱ्या दुरड्या असताना मी का, हे मला समजेना. भारत मला खांद्यावर घेऊन जिना चढायला लागला. पहिला मजला गेला, आणि माझ्या कामट्यांना तो जिना ओळखीचा लागला.

दार उघडलं. सुवर्णा होती. अंगानं थोडी भरली होती, केसांत एक पांढरी रेघ. दुरडी शेखरच्या नावानं लावलेली, आणि गिऱ्हाइकांची वही वेदिकाकडं. तिनं माझ्या काठावरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

“ताई, घेताय ना?” भारत म्हणाला.

तिनं मला आत नेऊन वर्तमानपत्रावर मोकळी केली. मुळ्यांची माती फरशीवर सांडली. तिची लेक सृष्टी नाक मुरडून म्हणाली, “आई, केवढी माती! आणि ही टोपली कोणाची?”

“माझी,” सुवर्णा म्हणाली.

माझ्या पोटात तेव्हा काही नव्हतं, तरी मला भरल्यासारखं वाटलं. तिनं साखरेची पुडी बांधली, माझ्यात ठेवली आणि बाहेर येऊन भारतला परक्यासारखं विचारलं, “मळ्यावरच्या मावशी बऱ्या आहेत का?”

“बऱ्या? तोफ हाय तोफ!”

ती हसली आणि पटकन तोंड फिरवून तिनं दार लावलं.

त्या दिवशी नवसाबाईला माझ्यात पुडी सापडली. ती हातात घेऊन अंगणभर फिरली. “बघा! एक तरी घर निघालं. वळणाची बाई हाय. कोणाची लेक असंल कोण जाणे, आईनं शिकवलंय तिला.” वेदिका खाली मान घालून कोथिंबीर बांधत राहिली. मी काय सांगू तुम्हाला! बांबूला जीभ नसते ह्याचं दुःख मला त्या दिवशी जेवढं झालं तेवढं कधी झालं नव्हतं.

मग वर्षानुवर्षांचा नेमच झाला. इकडून नवसाबाई त्या घरासाठी म्हणून दोन काकड्या जास्त टाकायची. तिकडून तीळगूळ यायचा, कधी कुरडया, कधी अनारशाचं पीठ. नवसाबाई जिभेवर ठेवून म्हणायची, “गूळ जरा कमी पडलाय. आपल्यात पण असाच कमी घालत्यात.” मी दर आठवड्याला दोन्ही घरचे हात अंगावर घेत होते. एकीची बोटं वयानं आखूड झाल्यासारखी, दुसरीची तशीच लांब. पण वस्तू खाली ठेवायच्या आधी तळहातानं माझा तळ पुसायची सवय दोघींना एकच.

ह्या वर्षी संक्रांतीनंतर टेम्पोत एक पोतं माझ्यावर पडलं आणि माझा काठ उसवला. सुवर्णानं ते पाहिलं. “आज दुरडी राहू द्या. पुढच्या आठवड्यात न्या,” भारतला म्हणाली. पहिल्यांदाच मी त्या घरात मुक्काम केला. तिनं कपाटातून हिरवी साडी काढली. जांभळा काठ हातावर घेऊन बसली, मग कात्री लावली. काठाची लांब पट्टी माझ्या उसवलेल्या काठावर गुंडाळत गेली, प्रत्येक फेरा आवळून, मोठी सुई घालून. शेखर म्हणाला, “अगं, पाठवणीची साडी ना ती?” ती म्हणाली, “नेसून जाते कुठे मी?”

अशी मी नटून मळ्यात परतले. नवसाबाईनं मला उचललं आणि तिची बोटं त्या काठावर आली. ती ओट्यावर बसली. अकरावा काठ मागणारी बाई; तिला ओळख पटवायला कोणाची गरज होती?

“कोणी बांधलं गं हे?”

“त्या घरच्यांनीच,” वेदिका म्हणाली.

नवसाबाईनं मला मांडीवर घेतलं. पदर तोंडाला लावला. नंतर उठली, तोंडावर पाणी मारलं आणि कामाला लागली.

पण चिवळ उगवली त्या आठवड्यापासून माझ्या तळाला चिवळ जायला लागली. स्वतः वाफ्यात बसून, गुडघे दुखतात म्हणत म्हणत, वेचलेली. आणि निवडलेली! नवसाबाई, जी आयुष्यात चिवळ निवडायला बसली नाही. वर गवार, काकड्या रचायच्या, म्हणजे ज्ञानेशला दिसायला नको. तिकडं सुवर्णानं पहिल्यांदा ती उपसली तेव्हा निवडलेली पानं बघून तिथंच फरशीवर बसली. आईला समजलं, हे तिला समजलं.

तुम्ही म्हणाल, मग आता अडलं कुठं? मीही तेच म्हणत होते. इकडून तिकडं सिटी बस जाते. दोघींचे पाय शाबूत आहेत. पण ही म्हणणार, लेक येईल; ती म्हणणार, आई बोलवेल. आणि दोघींच्या मधे ज्ञानेश उभा. सगळं येणंजाणं माझ्या एकटीच्या पोटावर. एक दुरडी किती वाहील?

आज सकाळी ज्ञानेश भारतबरोबर निघाला. पावसाळ्यात भाजी कमी येईल, ते लोकांना तोंडानं सांगावं म्हणून. दुसऱ्या मजल्यावर मला त्यानंच खांद्यावर चढवलं; वानोळा घेऊन कायम आईच यायची, त्यामुळं बहिणीचं हे घर त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. बेल वाजवली; भारत मागं जिन्यात उभा होता.

दार उघडलं आणि दोघं बहीणभाऊ बघत राहिले. सुवर्णाच म्हणाली, “ज्ञाना! ये ना. उन्हातून आलायस, पाणी घे.” आत जाऊन तांब्या भरून आणलासुद्धा. ह्याचे कान लाल झालेले. नजर माझ्या जांभळ्या काठावर गेली आणि ह्याला सगळं कळलं. “तू?” एवढंच म्हणाला, आणि मला तसंच खांद्यावर घेऊन जिना उतरायला लागला.

“ज्ञाना, दुरडी तरी ठेव!” ती वरून म्हणाली. तांब्या तिच्या हातातच होता.

लेकीच्या दारातून मी भरलेली परत आले. लेकीला न पोचता भरलेली राहायची ही दुसरी वेळ. रिकामी परत येणं नवसाबाईला खपत नाही. भरलेली परत येणं म्हणजे काय, हे तुम्ही समजून घ्या.

म्हणून हे भांडण. मी आता जुनी झालेय. बूड खचलंय. एक-दोन हंगाम जास्तीत जास्त, मग चुलीत जाईन; बांबू छान पेटतो, त्याचं मला वाईट नाही. तुमच्या घरी कॅरेट असेल नाहीतर पिशवी असेल, त्यात तुम्ही काय भरायचं ते भरा. माझं मागणं एवढंच आहे की ही भाजी माझ्या पोटात पुन्हा सुकू नये. मागच्या वेळचा तो वास अजून माझ्या कामट्यांतून जात नाही.

बघा, ज्ञानेशचा आवाज चढला.

“नवऱ्याच्या नावामागं लपून भाजी लावती! मळ्यात पाय ठेवायला जागा करतीय ती, कळत नाय का तुला?”

“पाय कोणी ठेवला रं? तिच्या दारात तूच गेलास.”

टेम्पोत भारतला हसू फुटलं, ते त्यानं खोकून दाबलं.

“उद्या कोर्टात जाईल, मग बघ!”

“इतक्या वर्षांत गेली का?”

“मग सही का करत नाय?”

“तू विचारलंस का? घरात बोलवून, समोर बसवून, विचारलंस का एकदा?”

“पण ह्यांची दुरडी लावली कोणी? मी तर नाय लावली!”

“मी लावली,” वेदिका म्हणाली. हात पदराला पुसत ती पुढं आली. “शेखरभाऊजी मळा बघायला आले त्या दिवशी तुम्ही पिंपळगावला होता. त्यांनी नाव सांगितलं, मी दुरडी लावली. माझं माहेर बंद केलं असतं कोणी, तर मलाही अशीच कोणीतरी भेटावी असं वाटलं.”

ज्ञानेश बायकोकडं वळला. मग त्याचा आवाज फुटला. “म्हणजे सगळ्यांत वाईट मीच ना? बाप गेल्यावर हा मळा कोणी ओढला? तिच्या लग्नात मांडवाची दोरी कोणी धरली? मला काय बहीण नको झालीय का?”

“नको झालीय असं कोण म्हणतंय?” नवसाबाईचा आवाज खाली आला. “भारत म्हणाला, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती ती. तू पाणी नाय प्यालास.”

ज्ञानेशनं माझा काठ आणखी आवळला.

“त्या दिवशी ती माझ्याकडं बघत होती, ज्ञानेश. आन मी म्हटलं, कर सही. तेवढंच म्हटलं. एवढी वर्षं भाजी पोचती तिथं. मी कुठं पोचले?”

“ते मला माहीत नाय. ही दुरडी त्या घरी गेली तर हे सगळं मी बंद करीन. सगळ्यांच्या दुरड्या बंद!”

नवसाबाईनं माझा काठ सोडला. ओढ एकदम सुटल्यावर ज्ञानेश मला घेऊन दोन पावलं मागं गेला, आणि जिंकल्यासारखा वाटायच्या ऐवजी माझं काय करावं ते न सुचल्यासारखा उभा राहिला. ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा पायात चपला होत्या आणि पदर डोक्यावरून नीट घेतलेला. तिनं त्याच्या हातातून मला काढून घेतलं. त्याच्या हातांनी मला धरून ठेवलं नाही. आणि पूर्वी गंगेवर निघायची तशी मला डोक्यावर चढवून ती टेम्पोकडं गेली. भारतनं पुढचं दार उघडलं. वर चढण्याआधी ती वळली. ज्ञानेशकडं नाही, सुनेकडं बघून म्हणाली,

“वेदिका, माझी भाकरी टाकू नको. मी आज सुवर्णाकडं जेवणार हाय.”